पावसाळाभर उभी राहिलेली चेतक : स्क्रूला हात लावण्याआधीचं काम

मृगाला झाकलेली स्कूटर नवरात्रात उघडायची आणि खंडेनवमीला पूजा करून दसऱ्याला फिरवायची, हा कोकणात बऱ्याच घरांतला शिरस्ता आहे. चिपळूणसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर टू-स्ट्रोक गाडी रस्त्यावर काढणं जिवावर येतं, म्हणून ती पडवीत जाते. त्यामुळे नवरात्राच्या सुमारास माझ्या गॅरेजात एकच तक्रार फिरून फिरून येते: ‘कार्ब्युरेटर सेट करून द्या.’ खाली दिलेलं प्रकरण त्यातलंच एक आहे. कार्ब्युरेटरचं सेटिंग त्यात अगदी शेवटी, पाच मिनिटांत झालं. बाकीचं सगळं त्याआधीचं आहे, आणि लिहिण्यासारखं तेच आहे.

गाडी एका निवृत्त गुरुजींची. बजाज चेतक, १४५.४५ सीसी, नंतरच्या काळातली इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, म्हणजे पॉइंटची भानगड नाही. टाकी साधारण अर्धी भरलेली, त्यात टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण, मिसळलेलं, पेट्रोलचा कॉक चालूच राहिलेला. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधलेला. कागदाच्या आत चार महिने ओल कोंडली होती, हे हँडलच्या नटांवरच्या गंजावरूनच कळत होतं.

माझ्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका मेकॅनिककडे जाऊन आली होती. प्लग नवा, कार्ब्युरेटर ‘मारलेला’ म्हणजे पेट्रोलच्या पिचकारीने धुतलेला, स्क्रू फिरवलेले. तरी लक्षणं अशी: सकाळी चोक ओढून, गाडी तिरकी केल्याशिवाय किक लागत नाही. लागली तर एक तर बंद पडते, नाही तर रेस चढून बसते. चालवताना मूठ सोडली तरी रेस खाली यायला वेळ लागतो. आणि गुरुजींनी सहज सांगितलेली, पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परशुराम घाट चढताना इंजिनातून टणटण आवाज येतो.

‘गुरुजी, तो आवाज आल्यावर तुम्ही काय केलंत?’

‘काय करणार? गेअर उतरवला आणि दामटली. वर गेल्यावर आपोआप बंद झाला.’

‘आता गाडी इथेच ठेवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी न्या.’

‘अहो, स्क्रू तर फिरवायचाय!’

आधी तिरकी करण्याबद्दल. एका पिढीने बजाज स्कूटर तिरकी करून सुरू केली, आणि ते या गाडीचं वैशिष्ट्यच आहे असं लोक समजून चालले. तिरकी केल्यावर फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं, थोडं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशात सांडतं, किंवा टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल कॉकपर्यंत पोचतं. दोन्हींचा अर्थ एकच: सरळ उभ्या गाडीत पेट्रोल त्याच्या नेहमीच्या वाटेने पुरेसं येत नाहीये. टाकी अर्धी भरलेली असतानाही तिरकी करावी लागत असेल तर आधी संशय स्लो जेटवर, म्हणजे मंद चालीचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर, घ्यावा.

मी पहिल्यांदा स्क्रू मोजले, फिरवले नाहीत. कुठलीही गाडी आली की मिक्स्चरचा स्क्रू, म्हणजे मंद चालीचं मिश्रण कमीजास्त करणारा, हळूच आत फिरवत, तो टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मी पाटीवर लिहून ठेवतो. चेतकच्या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू मागच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या डब्याच्या भिंतीतल्या रबरी बुचामागे असतो. सर्वसाधारणपणे दीड ते अडीच फेरे बाहेर असला की गाडी समाधानी असते. इथे तो जवळपास चार फेरे बाहेर होता, आणि रेसचा स्क्रूही बराच आत दाबलेला. म्हणजे आधीच्या माणसाला स्लोला पेट्रोल कमी पडतंय हे जाणवलं होतं, पण कारण न शोधता त्याने स्क्रू उघडत नेला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा रेसच्या स्क्रूने थ्रॉटलची स्लाइड उचलून धरली. गाडी स्लो जेटवर उभी न राहता अर्धवट मेन जेटवर, म्हणजे मूठ पिळल्यावर पेट्रोल देणाऱ्या मोठ्या जेटवर, उभी होती. या अवस्थेत ‘सेटिंग’ म्हणून काही फिरवत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

इथे एक घोळ बऱ्याच पोरांचा होतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या मोटरसायकलवर हाताशी येणारा स्क्रू हवेच्या वाटेवर असतो. तो बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण पातळ होतं. चेतक आणि जुन्या व्हेस्पा जातीच्या कार्ब्युरेटरवर मागचा स्क्रू तयार मिश्रणाच्या वाटेवर असतो. तो बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. मोटरसायकलवर हात बसलेला मेकॅनिक स्कूटरवर बरोबर उलटं करतो, आणि दोष आपल्या हाताने वाढवतो.

मग टाकी. इंजिन थंड, दार उघडं, जवळ बिडीकाडी नाही, एवढं पाहून पाइप काढला आणि पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत घेतलं. बरणी पाटावर ठेवून चहा होईपर्यंत वाट पाहिली. तळाशी बोटभर वेगळा थर बसला होता. वरचा टू-टी ऑइलच्या रंगाचा, खालचा फिका, किंचित गढूळ. वास ताज्या पेट्रोलचा नव्हता. आंबूस, रंगाच्या दुकानात येतो तसा.

हा खालचा थर समजून घेतला की निम्मं प्रकरण समजलं. २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतली ओल धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात, अर्ध्या रिकाम्या टाकीत, झाकणाच्या श्वासाच्या भोकातून ओल येत राहते. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला जातात. कॉकचं तोंड तळाशी. म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा जातो तो हाच थर. आणि टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन, रिंगा, क्रँकच्या बेअरिंगा या सगळ्यांचं वंगण पेट्रोलबरोबरच येतं. दुसरी वाट नाही. फोर-स्ट्रोक गाडी अशा पेट्रोलवर नुसती अडखळेल. टू-स्ट्रोक अडखळत चालली तर ते नशीब, कारण जोरात चालली तर कोरडी चालते आणि जाम होते.

त्यामुळे ‘जुन्यात नवीन पेट्रोल घातलं, आता चालेल’ हा उपाय मी कुणालाही सांगत नाही. जुनं सगळं काढायचं. टाकी उतरवून, लांब बॉक्स पान्याने कॉक काढला. जाळीवर गंजाचे बारीक पापुद्रे अडकलेले. टाकी रॉकेलने खळबळून घेतली, सुकवली, कॉकचं वायसर नवं घातलं. पुन्हा जोडल्यावर कार्ब्युरेटरकडचं टोक बाटलीत सोडून धार पाहिली. धार सुरुवातीला जोरात येऊन मग मंदावली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं असतं. इथे धार शेवटपर्यंत एकसारखी होती.

आता कार्ब्युरेटर. साइड पॅनेल उघडलं, डब्याचं झाकण, एअर फिल्टर, चोक आणि ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलचा पाइप, आणि दोन लांब बोल्ट. चेतकवर हा कार्ब्युरेटर इंजिनाच्या चेंबरवर आडवा बसतो आणि मिश्रण सरळ खाली, क्रँकच्या पात्याने उघड-बंद होणाऱ्या खिडकीतून आत जातं. रचना सुटसुटीत. मेन जेटचा संच स्क्रूड्रायव्हरने वरूनच निघतो: वर हवेचा जेट, मध्ये भोकांची नळी, तळाशी मेन जेट. शेजारी स्लो जेट.

‘मारलेला’ म्हणून आलेल्या या कार्ब्युरेटरचा बाहेरचा भाग चकचकीत होता. स्लो जेट मी ट्यूबलाइटसमोर धरला. भोक गोल दिसायला हवं. इथे कडेला चंद्रकोरीसारखा हिरवट-तपकिरी थर होता आणि उजेड फक्त मधल्या चिमटीतून येत होता. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा हा डिंक गुळाच्या पाकासारखा चिकट असतो, आणि वाळला की पेट्रोलच्या पिचकारीला दाद देत नाही. या जेटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. समजा ते ०.४५ मिमी आहे आणि थर बसून ०.३५ मिमी झालं. ऐकायला फरक केसभराचा, पण भोकाचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी घटलं. स्क्रू कितीही उघडा, जे पेट्रोल जेटमधून आलंच नाही ते स्क्रू कुठून आणणार?

जेट साफ करायला पिन किंवा ब्रशची स्टीलची तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक एकदा ओरखडलं की त्याच्यावर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही; मेन जेटवरचा १०० हा आकडा म्हणजे एक मिलिमीटरचं भोक, इतका तो सरळ हिशेब आहे. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावं, सकाळी कॉम्प्रेसरची हवा मारावी, अगदीच हट्टी असेल तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू फिरवावा. बाजारात नवे जेट पाकिटात मिळतात, आकडा तोच छापलेला असतो, पण उजेडात धरले तर भोकं सारखी दिसत नाहीत. जुना अस्सल जेट साफ होत असेल तर मी तोच घालतो.

फ्लोटच्या झाकणात पेट्रोल अडवणारी पिन असते. तिचं टोक फुगलं होतं आणि जागेवर चिकटत होतं. झाकण उलटं धरलं की फ्लोटच्या वजनाने पिन बसते. त्या अवस्थेत पाइपमधून हलकी फुंकर मारली तर हवा जायला नको. इथे हवा जात होती, आणि झाकण सरळ केलं तर कधीकधी पिन सुटतच नव्हती. म्हणजे एकीकडे पेट्रोल गळणार, दुसरीकडे अडणार. पिन बदलली. पेट्रोल आत येतं तिथल्या बोल्टखालची बारीक जाळी आधीच्या मेकॅनिकने काढलीच नव्हती. तिच्यात टाकीतल्या गंजाची पूड होती.

शेवटी कार्ब्युरेटरचा तळ काचेवर घासून पाहिला. काचेवर शाई लावून तळ फिरवला तर शाई दोन्ही बोल्टांच्या बाजूलाच लागली, मध्ये कोरं. दोन बोल्टांवर वर्षानुवर्षं जोर लावून आवळलं की या ॲल्युमिनियमच्या तळाला बाक येतो आणि मधून चोरटी हवा शिरते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तळ सपाट केला. खालचं आणि डब्याखालचं अशी दोन्ही पॅकिंग नवी घातली, आणि बोल्ट आवळताना हात आखडता ठेवला.

ताजं पेट्रोल, लिटरला २० मिली टू-टी ऑइल. मिक्स्चरचा स्क्रू दीड फेरा बाहेर. गाडी सरळ उभी, दुसऱ्या किकेला सुरू. गुरुजी समोर असते तर तेव्हाच घेऊन गेले असते.

पण गरम झाल्यावर रेस अजून लटकत होती. पूर्वीइतकी नाही, तरी मूठ सोडल्यावर इंजिन क्षणभर वरच राही आणि मग नाखुशीने खाली येई. मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे केला तरी इंजिन फारशी दखल घेईना. आणि प्लग काढला तर टोकाची चिनीमाती पांढरट. या तीन खुणा एकत्र दिसल्या की कार्ब्युरेटरला मोकळं सोडावं. इंजिनात हवा दुसरीकडून येतेय.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँकच्या चेंबरमध्ये ओढ तयार होते आणि त्याच ओढीने कार्ब्युरेटरमधून मिश्रण येतं. चेंबरला कुठेही फट असेल तर त्या ओढीने बाहेरची नुसती हवा आत येते, पेट्रोलशिवाय आणि ऑइलशिवाय. क्रँकच्या दोन टोकांना ही फट बंद ठेवणाऱ्या दोन रबरी कड्या, म्हणजे ऑइल सील, असतात. क्लचकडचं सील गेलं तर चेंबर गेअर ऑइल ओढतो: सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर, प्लग ओला, गेअर ऑइलची पातळी खाली, उलट्या बाजूने त्या ऑइलला पेट्रोलचा वास. इथे गेअर ऑइल बोटावर घेऊन हुंगलं, पातळी पाहिली, सगळं ठीक. धूर नेहमीचा निळसर. मग उरलं मॅग्नेटकडचं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाकडचं.

फॅनचं कव्हर काढलं, पुलरने मॅग्नेट ओढला. आतल्या कॉइलप्लेटवर खालच्या बाजूला काळी, तेलकट ओल पसरलेली होती आणि तिला टू-टीचा वास. सील गळतं तेव्हा बाहेरही गळतं, आत ओढतंही. बाहेरची ओल ही त्याची कबुली. काढलेल्या सीलचं ओठासारखं टोक कडक होऊन एका जागी तडकलं होतं. वय झालेलं रबर, त्यात चार महिने शाफ्टच्या एकाच जागेला चिकटून बसलेलं. पहिल्या किकेला ते सुटतं, पण सुटताना फाटू शकतं. पावसाळ्याआधी ही गाडी कदाचित थोडीफार चोरटी हवा घेतच असावी. उभ्या राहण्याने ती उघड्यावर आली.

या सीलसाठी इंजिन खोलावं लागत नाही, ते बाहेरून निघतं. कॉइलप्लेट काढण्याआधी प्लेटवर आणि चेंबरवर मिळून एक रेघ ओढून ठेवावी, कारण ती प्लेट फिरली की टायमिंग फिरतं आणि मग तुम्ही एका दोषाच्या जागी दुसरा घेऊन बसता. नव्या सीलच्या ओठाला टू-टीचा थेंब लावून ते सरळ बसवलं. मॅग्नेट परत बसवताना त्याला शाफ्टवर अडकवून ठेवणारी लोखंडी चावी जागेवर आहे ना, ते पाहिलं.

आता कुठे सेटिंगची वेळ आली. गाडी दहा मिनिटं फिरवून पुरती गरम केली. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर टिकत नाही. रेसचा स्क्रू जरा आत घेऊन इंजिन किंचित वर ठेवलं. मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू आत: इंजिन अडखळायला लागलं. मग हळूहळू बाहेर: रेस चढत चढत एका जागी सर्वांत वर गेली, त्यापुढे बाहेर काढल्यावर आवाज जड होऊ लागला. सर्वांत वरच्या जागेवर येऊन, तिथून पाव फेरा अजून बाहेर, म्हणजे किंचित घट्टकडे. रेसचा स्क्रू सोडत नेहमीच्या आवाजावर आणलं. पुन्हा एकदा तेच. स्क्रू अखेर पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास थांबला, आणि आता प्रत्येक पाव फेऱ्याला इंजिन उत्तर देत होतं. मूठ सोडली की रेस दगडासारखी खाली.

हे झालं मंद चालीचं. घाटातली टणटण, म्हणजे जोर पडल्यावर पातळ मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका, मेन जेटच्या हद्दीत येते, तिच्यावर मागच्या स्क्रूचा काही अधिकार चालत नाही. म्हणून गावाबाहेरच्या मोकळ्या चढावर तिसऱ्या गेअरमध्ये पूर्ण मूठ देऊन थोडं अंतर नेली, त्याच अवस्थेत क्लच दाबून इंजिन स्विचने बंद केलं, आणि कडेला घेऊन प्लग काढला. मूठ सोडून, स्लोवर येऊन, मग प्लग पाहिला तर तो स्लोचा रंग दाखवतो, घाटाचा नाही. चिनीमाती आता पांढरी नव्हती, पण बिस्किटाचा रंगही आलेला नव्हता. फिकटच.

याला कारण पेट्रोलच. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाचं गणित साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे जुन्या जेटमधून तितकंच इंधन आलं तरी इंजिनाच्या लेखी मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं. गाडी बनली तेव्हाच्या जेटमध्ये हा हिशेब धरलेला नाही. सपाट रस्त्यावर डबलसीट नसताना हे खपून जातं. घाटात, उन्हात, दोन माणसांनिशी खपत नाही. मेन जेट एक पायरी मोठा घातला. पुन्हा तोच चढ, तोच प्लग: बिस्किटी. टणटण गेली. ॲव्हरेज थोडं घटेल, हे गुरुजींना आधीच सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पिस्टन आणि बोअरचा खर्च सांगितल्यावर वाद मिटला.

ठेवण्याबद्दल त्यांनी विचारलं, ते थोडक्यात. पुढच्या पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायची; पूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणत, ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी ठीक होतं. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे फ्लोट चेंबर कोरडा होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून दोन-तीन हलक्या किका मारायच्या. प्लास्टिकऐवजी सुती कापड किंवा जुनी चादर. आणि दर रविवारी दोन मिनिटं सुरू करून बंद करायचं खूळ सोडायचं. इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल मात्र धरते.

क्लचकडचं सील मी बदललं नाही. ते बदलायचं तर इंजिन उतरवून चेंबर उघडावं लागतं, आणि आज ते गळत नव्हतं. पण दोन्ही सीलांचं वय एकच. गाडी नेताना गुरुजींच्या हातात काढलेलं फुटकं सील आणि एक चिठ्ठी दिली: पांढरा धूर दिसला किंवा गेअर ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका, गाडी ढकलत आणा.